त्या संध्याकाळी कोण कुठे होतं

पालेपे, २६ मार्च

नेरिंगा,

आधी ‘प्रिय’ लिहिलं होतं, ते खोडलं. आधी रागावून घेते, मग बघू.

तुझ्या बापाला शनिवारी आम्ही मातीत ठेवलं आणि तू आली नाहीस. फोन केला, तर ‘आत्या’ एवढंच म्हणून ठेवून दिलास. म्हणून पत्र लिहितेय. पत्र मधेच तोडता येत नाही. फार तर फाडता येतं, आणि तू फाडणाऱ्यांतली नाहीस. बेर्गनचा हा पत्ता तुझ्या बापाने, स्कीर्मांतासने, नाताळात तुला पाठवलेल्या खोक्यावरून उतरवून घेतला. ते खोकं न उघडता परत आलं होतं. अजून माझ्या फडताळावर आहे.

तू नव्हतीस, पण बाकी सगळं कौनस शहर आलं होतं. चर्चपासून दफनभूमीपर्यंत रस्ता दिसत नव्हता, नुसत्या टीमच्या हिरव्या मफलरी दिसत होत्या. बर्फ नुकतंच वितळलेलं, घोट्यापर्यंत चिखल. शवपेटी वेगळी करून घ्यावी लागली, कारण दुकानातल्या एकाही पेटीत तो मावला नसता. खांदा द्यायला त्याच्या जुन्या बास्केटबॉल टीममधले पाच ताडमाड आले आणि सहावा आपला शेजारी पेत्रास, जो त्यांच्या कोपरापर्यंतही येत नाही. पेटी सारखी त्याच्या बाजूला कलायची आणि तो खालून कुजबुजायचा, “अरे, मेल्यावर तरी गुडघे वाकवा रे!” मला हसू आलं. भावाच्या मयतीला हसले, म्हणजे माझंही काही फार बरं चाललेलं नाही.

फुलं प्रत्येकाने बारा आणली होती, त्याच्या जर्सीचा आकडा म्हणून. तो जिवंत असतानाही ते बाराच आणायचे आणि तुझी आजी संतापायची: जिवंत माणसाला विषम फुलं द्यायची असतात, माझ्या धडधाकट पोराला हे मेलेल्यांचा आकडा देतात! छातीवर क्रूसाची खूण करून त्यातलं एक फूल काढून टाकायची. या वेळी पहिल्यांदाच त्यांचा आकडा बरोबर होता.

आणि मेणबत्त्या! इतक्या, की संध्याकाळी थडग्याजवळ उभं राहवेना, एवढी धग. तुझ्या आईचा जुना लहान दगड त्या गर्दीत दिसेनासाच झाला. मी तिच्यासाठी, लाइमासाठी, एक वेगळी मेणबत्ती नेली होती. ठेवायला तसूभर जागा मिळाली नाही. तशीच खिशात घालून परत आणली.

पेपरात आलंय की तो अंगणात कोठारावरच्या बास्केटखाली, हातात चेंडू घेऊन गेला. लोक ते वाचून रडतात. रडू देत.

आता कामाचं. चाहत्यांच्या मंडळाचा अध्यक्ष झेनोनास, तोच तो ट्रॉलीबसचा निवृत्त ड्रायव्हर, म्हणतो की मंडळ मोठा काळा ग्रॅनाइटचा दगड बसवणार. वर त्याचं नाव, तुझ्या आईचं नाव आणि खाली शहाऐंशीच्या त्या संध्याकाळच्या मॅचचा स्कोअर. ती जागा तुझ्या आईच्या वेळी घेतलेली, आता तुझ्या नावावर आहे. त्यामुळे तुझ्या होकाराशिवाय कुणाला तिथे दगड हलवता येत नाही. हो म्हण. निदान एवढं तरी कर.

स्तेफा आत्या


पालेपे, १७ जून

प्रिय नेरिंगा,

बघ, या वेळी खोडलं नाही. राग गेलेला नाही, पण शिळा झालाय.

तुझं उत्तर नाही. झेनोनास दर रविवारी विचारतो आणि मी सांगते, पोस्टाला उशीर होतो. तो म्हणतो, “नॉर्वे काय चंद्रावर आहे?” मी म्हणते, “तुझी ट्रॉलीबस चंद्रावरूनच यायची, तेव्हा आम्ही काही बोललो का?”

रविवारी माझं अंगण म्हणजे जत्रा असते. खांबावरच्या घरट्यात खरे करकोचे परत आलेत आणि खाली लोक आपल्या करकोच्याला, म्हणजे तुझ्या ताडमाड बापाला, शोधत येतात. कुणी मूठभर माती पिशवीत भरून नेतं, कुणी कोठाराच्या भिंतीचा ढलपा खरवडून नेतं. बास्केट कुठेय विचारतात. मी सांगते, वादळात पडली. मग बाकांवर बसतात, मी राय ब्रेड आणि गार बीटाचं सूप वाढते, आणि सुरू होतं.

काय सुरू होतं ते तुला माहीत आहेच. शहाऐंशीची ती संध्याकाळ, मॉस्कोवाल्यांना हरवलं ती. तेव्हा आपल्यावर मॉस्कोचं राज्य, माणसं स्वयंपाकघरातही हळू बोलायची, आणि त्या एका संध्याकाळी अख्खं शहर खिडक्या उघडून ओरडलं. आता एकेकाने उठून सांगायचं: त्या संध्याकाळी मी कुठे होतो. ही आमची जपमाळच आहे. झेनोनासने भर रस्त्यात ट्रॉलीबस उभी केली, प्रवाशांसकट एका अनोळखी बाईच्या घरात घुसला, आणि बाईने सगळ्यांना चहा दिला. कुणी सैन्यात होता, कुणी दाताच्या डॉक्टरकडे तोंड वासून. माझीही गोष्ट आहे: मी सामुदायिक शेतीच्या गोठ्यात धार काढत होते, रेडिओ खुंटीला टांगलेला, शेवटच्या बास्केटला मी किंचाळले आणि गायीने लाथ मारून बादली माझ्याच डोक्यावर ओतली. दर वेळी हसतात. मीही दर वेळी थोडं दूध वाढवते.

आणि मग सगळे गप्प होतात, कारण झेनोनास तुझ्या आईचं सांगतो. ती मरणाच्या दारात होती आणि नवऱ्याला म्हणाली, “जा, जिंकून ये.” तो गेला, जिंकून आला, आणि ती तोवर गेलेली. हे ऐकताना दांडगे बाप्येही नाक पुसतात. मीसुद्धा.

तुला मुद्दाम एक सांगायचंय. मंडळात ब्रोन्या म्हणून एक बाई आहे, सत्तरीची, गोड आहे. ती तेव्हा तुझ्या आईच्याच इस्पितळात नर्स होती. तिची गोष्ट सगळ्यांत शेवटी असते, कारण तिच्यानंतर कुणाची रंगत नाही. त्यांच्या मजल्यावर एका खोलीत टीव्ही होता. डॉक्टर, नर्सा, आचारी, चालते-फिरते पेशंट, सगळे तिथे दाटीवाटीने उभे. ऐन शेवटी दारातून कोण आलं? करकोच्याची पोर! ब्रोन्याने तुला उचललं, खांद्यावर घेतलं आणि तू तुझ्या बापाला ती बास्केट टाकताना पाहिलंस. ती म्हणते, पोर आनंदाने पाय झाडत होती. म्हणते, “माझ्या आयुष्यात याहून मोठं काही घडलं नाही.”

एकदा येऊन भेट तिला. तुला बघून ती लहान मुलासारखी रडेल. आणि त्या दगडाला हो म्हण. मेलेल्या माणसावर किती दिवस रुसून बसायचं? तो प्यायचा, मान्य. पण इथे निम्म्या गावाचा बाप प्यायचा आणि त्यांच्या मुली मयतीला आल्या.

तुझी आत्या


पालेपे, ५ ऑगस्ट

नेरिंगा, बाळा,

परवा दुपारी तू फोन केलास. मी बेरी निवडत होते, हात लाल, फोन अजून चिकट आहे.

माझा डावा कान गेलाय हे तुला माहीत नसणार. उजव्यानेही मी पूर्वीसारखं ऐकत नाही. शिवाय तू बोललीस ते ऐकून मला एवढंच सुचलं की “बाहेर ऊन फार आहे.” म्हणून तू जे म्हणालीस ते इथे उतरवून काढते. काही चुकीचं ऐकलं असेल तर सांग. चुकीचंच ऐकलेलं असावं असं फार वाटतं.

तू म्हणालीस: आजी तापाने घरी पडली होती, म्हणून त्या संध्याकाळी आईजवळ तू एकटीच होतीस. नऊ वर्षांची. बाबा दुपारी येऊन गेले. डॉक्टरांनी त्यांना दाराबाहेर नेऊन सांगितलं होतं की आता थोडंच उरलंय. ते तू दाराआडून ऐकलंस. “जा, जिंकून ये” असं आई म्हणाली नाही. ती काहीच म्हणाली नाही, कारण तिच्या घशात नळी होती. कित्येक दिवस ती बोललीच नव्हती. ते वाक्य नंतर कुठल्या तरी वर्तमानपत्रवाल्याने तिच्या तोंडी घातलं आणि बाबांनी ते राहू दिलं.

मग ती गुदमरायला लागली. उशाशी घंटेचं बटण होतं. तू ते दाबलंस, दाबूनच धरलंस. कुणी आलं नाही. तू बाहेर धावलीस. सगळा मजला रिकामा, आणि आवाज एका खोलीतून. तू आत शिरून जी सापडली त्या नर्सचा एप्रन ओढलास. “आईला श्वास येत नाहीये” म्हणालीस. तिने ऐकलं नाही. तिने तुझं तोंड पाहिलं आणि ओरडली, “अगं बाई, ही तर करकोच्याची पोर!” आणि तुला खांद्यावर चढवलं. “बघ, बघ गं, तुझा बाबा!” तू पाय झाडत होतीस ते खाली उतरायला.

मग तू म्हणालीस, “मी पाहिली ती बास्केट, आत्या. चांगली टाकली होती.”

परत गेलीस तेव्हा आई संपली होती.

अठराव्या वर्षी तू हे बाबांना सांगितलंस. तो म्हणाला, “मग आता मी लोकांना काय सांगू?” त्यानंतर तू नॉर्वेला गेलीस. आणि मी इतकी वर्षं गावभर सांगत हिंडले की पोरगी बापाच्या दारूवर रुसली. माझ्या जिभेला हाड नाही.

शेवटी म्हणालीस, “दगडावर हवं ते कोरा. माझा होकार समज. मी वाचायला येणार नाही.” आणि ठेवलास.

आता माझं ऐक. मीही तुला सगळं खरं लिहिलेलं नाही. कोठारावर बास्केट नव्हतीच. वादळ वगैरे काही नाही. त्याने गेल्या शरदात शिडी लावून ती स्वतः उतरवली, फळी फोडली आणि चुलीत घातली. रंगवलेलं लाकूड होतं, घरभर काळा धूर. मी म्हटलं, “अरे, लोक बघायला येतात ना ती?” तो म्हणाला, “म्हणूनच.” आणि तो गेला तेव्हा त्याच्या हातात चेंडू नव्हता. बादली होती. सकाळी विहिरीवर पाणी आणायला गेला आणि तिथेच आडवा झाला. पेपरवाल्याने मला विचारलं, चेंडू जवळ होता का? मी म्हटलं, अंगणात कुठे तरी असेल. बाकीचं त्याने लिहिलं.

आणखी एक. लोकांच्या गोष्टी तो खाली मान घालून ऐकायचा. आम्हाला वाटायचं, किती नम्र! एका रविवारी सगळे गेल्यावर तो रिकाम्या बाकावर बसून राहिला. प्यायलेला होता. म्हणाला, “स्तेफा, प्रत्येक जण सांगतो तो कुठे होता. मी कुठे नव्हतो, ते मला एकट्याला माहीत आहे.” मला वाटलं, दारू बोलतेय. मी त्याला उठवून झोपायला पाठवलं.

त्याची बाजू घ्यायला हे लिहीत नाही. मी त्याची बहीण आहे, मला तो आवडायचा, आणि कालपासून मला त्याचा इतका राग आलाय की त्याचा कोट अंगणात नेऊन झोडपला. बाहेर धूळच आली नुसती.

तुझा होकार माझ्याकडे आहे. झेनोनासला तो अजून सांगितलेला नाही. स्कोअर लाइमाच्या छातीवर कोरायचा? लोक आले की वाचणार आणि टाळ्या वाजवणार. ज्या संध्याकाळी ती गुदमरून गेली त्याच संध्याकाळचा आकडा. मला हे होऊ द्यायचं नाही. पण मंडळ सोडलं तर माझ्या दारात येतं कोण? हे मी तुला खरं सांगतेय. म्हातारपणी रविवार फार लांबलचक असतो.

आत्या


पालेपे, १४ ऑक्टोबर

नेरिंगा,

काल स्कीर्मांतासचा वाढदिवस होता. मंडळ दर वर्षी ओकच्या बागेजवळच्या त्या बियरच्या तळघरात जमतं, तो खेळायचा त्या जुन्या सभागृहासमोर. मी बसने गेले. ठरवून गेले होते की फक्त एवढं बोलायचं: दगड चालेल, स्कोअर नको. का, ते सांगायचं नाही. ते तुझं आहे.

शिरते न शिरते तोच झेनोनासने फोन नाकाशी धरला. “बघ स्तेफा, कसा झालाय!” फोटोत दगड. स्कोअर कोरूनसुद्धा झालेला, सोनेरी, आणि त्याच्याखाली अवतरणचिन्हांत: जा, जिंकून ये. लाइमाचे शब्द म्हणून.

“होकार कुणी दिला?” मी विचारलं.

“अगं, पोरगी नाही थोडीच म्हणणार? अशा बापाची मुलगी! मृतांच्या दिवसाला बसवायचा म्हणजे आतापासून कोरायला नको?”

तिथेच बोलायला हवं होतं. पण लोकांनी मला ओढून मधल्या बाकावर बसवलं, लसणीचा तळलेला ब्रेड पुढे आला, बियर आली, आणि जपमाळ सुरू झाली. ट्रॉलीबस झाली. दाताचा डॉक्टर झाला. मी एकही घोट घेतला नाही. ब्रोन्या माझ्या शेजारीच होती. तिने या वर्षी केस रंगवले होते. तिची गोष्ट आली, ती उभी राहिली, दोन्ही हात वर करून दाखवलं तुला कसं उचललं ते, आणि म्हणाली, “अशी हलकी होती, पिसासारखी!” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग झेनोनास ओरडला, “स्तेफा, तुझी गाय राहिली!” सगळे आधीच हसायला लागले.

मी उठले. गायीचं सांगायलाच उठले होते, खरं. पण तोंडातून निघालं: “आज मी माझं सांगणार नाही. लाइमा कुठे होती ते सांगते.”

आणि सांगितलं. सगळं, तू बोललीस तसं. तुझी परवानगी घेतली नाही. नळी, बटण, रिकामा मजला, एप्रन. माझा आवाज चढला नाही. मधे कुणी तरी ग्लास खाली ठेवला, तेवढाच आवाज झाला.

आधी झेनोनास बोलला. “नऊ वर्षांच्या पोराला काय आठवणार? मुलं काहीही रचतात.”

“आणि वर्तमानपत्रवाले?” मी म्हटलं. “तिच्या घशात नळी होती, झेनोनास. तू दगडावर कोरलंयस ते वाक्य ती कशाने बोलली?”

“मग खोटं होतं का सगळं? आमची ती संध्याकाळ?” त्याचा चेहरा लाल झाला होता, रागाने नाही, रडायला आल्यासारखा. “आमच्याकडे तेव्हा दुसरं होतं काय, सांग ना! एक तीच होती!”

“बास्केट खरी होती,” मी म्हटलं. “पोरीनेही पाहिली ती.”

कुणीच ब्रोन्याकडे बघत नव्हतं. मुद्दाम बघत नव्हतं. तिनेच तोंड उघडलं, टेबलाकडे बघत.

“घंटा ऐकू येत होती,” ती म्हणाली. “आम्हा सगळ्यांना ऐकू येत होती. प्रत्येकीला वाटलं, दुसरी कुणी तरी जाईल.”

आणि पुन्हा म्हणाली, “ती पाय झाडत होती. मला वाटलं...” मग तिने आपली पिशवी घेतली आणि निघून गेली. कोट खुंटीलाच राहिला. मी तो घेऊन मागे धावले, म्हणजे माझ्या गुडघ्यांना जमेल तशी धावले. ती बागेच्या कडेला उभी होती, आणि मी कोट खांद्यावर टाकला तर म्हणाली, “मी पोरीचं किती वर्षं सांगत बसले गं, सगळ्या जगाला, आणि हसत हसत.”

तिला जवळ घ्यावं असं मला वाटलं नाही. घेतलंही नाही. थंडी होती म्हणून कोटाची बटणं तेवढी लावून दिली.

आत परत गेले तेव्हा माझ्या बाकावर दुसरं कुणी बसलं होतं.

हे मी बरं केलं की वाईट, ते तू सांग. मला सांगता येत नाही.

आत्या


पालेपे, ३ नोव्हेंबर

प्रिय नेरिंगा,

दगड बसला. स्कोअर आणि ते वाक्य घासून काढून मगच बसवला. मी पाथरवटाकडे जाऊन तुझा होकार नाही असं सांगितलं. म्हणजे खोटं बोलले. तिथे आता नुसता खोलगट चट्टा आहे, पाऊस पडला की त्यात पाणी साचतं. वर दोन नावं. लाइमाचं आधी घातलंय, ती आधी गेली म्हणून.

काल मृतांचा दिवस. तुला आठवत असेल, सगळी टेकडी मेणबत्त्यांनी कशी लाल-पिवळी व्हायची आणि आजी तुझा हात धरून ठेवायची, केस पेटतील म्हणून. काल बाकीच्या सगळ्या थडग्यांवर तसंच होतं. आपल्याकडे काळोख. मंडळातून एकही माणूस आला नाही. जो मुलगा इतकी वर्षं गावाने डोक्यावर घेतला, त्याच्या दगडाजवळ मी एकटी होते, आणि पेत्रास आला बिचारा, टोपी काढून उभा राहिला आणि म्हणाला, “खांद्याला अजून कळ येते बघ.”

ऐकते की शहरात सभागृहासमोर त्याचा पितळी पुतळा होणार आहे, आणि स्कोअर त्याच्या चबुतऱ्यावर कोरणार. झेनोनासने पेपरात सांगितलंय की कुटुंबाचं मन लहान आहे, पण जनतेचं मोठं आहे. बरं झालं. त्यांचा करकोचा त्यांनी शहरात नेला. माझा भाऊ इथे राहिला.

रविवार आता माझे मलाच. मागच्या रविवारी सवयीने मोठं पातेलं चढवलं आणि चार दिवस तेच सूप खाल्लं. मला वाईट वाटतं. तुझ्याशी खोटं कशाला बोलू? मला ती माणसं हवीच होती. झेनोनासची ट्रॉलीबससुद्धा.

ब्रोन्या मात्र आली होती. दुपारच्या बसने आली आणि दफनभूमीच्या फाटकाशी थांबली, आत येईना. मी बाहेर गेले. तिने केस तसेच सोडलेत, रंग उतरत चाललाय. पिशवीतून एक मेणबत्ती काढून माझ्या हातात दिली. म्हणाली, “लाइमासाठी. मुलीला चालणार असेल तरच. नाही तर टाकून दे.” मी तिला चहाला बोलावलं नाही. बस येईपर्यंत दोघी थांब्यावर बसलो, आणि बोललो ते फक्त बटाट्यांवर, यंदा सगळे किडले म्हणून.

ती मेणबत्ती मी लावली नाही आणि टाकलीही नाही. फडताळावर ठेवलीय, तुझ्या खोक्याशेजारी. खोकंही मी उघडलेलं नाही. लावायची की कचऱ्यात टाकायची, हे ठरवायला तूच हवीस. माझं ते काम नाही, आणि माझ्या भावाचं तर नव्हतंच नव्हतं.

मार्चमध्ये माझ्याच खिशात परत आलेली ती लाइमाची मेणबत्ती तुला आठवते? ती काल लावली. सकाळी जाऊन पाहिलं, अजून जळत होती. बाजूला सगळी मोकळी जागा आहे, नेरिंगा. ये. आता तुझी मावेल.

आत्या